लांब बीमसाठी दोन वायरचं टँडम मिग वेल्डिंग मशिन घ्यावं का? अनुभव असेल तर सांगा

चाकण_फॅब:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे ट्रेलरचे बिल्टअप बीम बनतात, 12 मीटर लांब, चार सीम (जोडाच्या रेषा), ड्रॉइंगला 6 मिमी फिलेट (कोपऱ्यात भरायचा तिकोनी वेल्ड). सध्या चार वेल्डर हाताने सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसमधलं मिग वेल्डिंग) मारतात 1.2 मिमीच्या वायरने आणि ऑर्डर वाढल्यापासून सगळा माल वेल्डिंगलाच अडकतोय. एका मशिनवाल्याने टँडम दाखवलं, एका टॉर्चमधून दोन वायर, म्हणाला स्पीड दुपटीच्या वर जाईल. डेमो झकास झाला पण किंमत बघून हात आखडतोय. दुसरा एकजण ट्विन वायर म्हणून स्वस्तात देतोय, या दोन्हीत फरक काय तेच कळेना.

रोबोसेल_भोसरी:
दादा, ट्विनमध्ये दोन्ही वायर एकाच टिपमधून (वायरला करंट देणारं टोक) येतात, त्यामुळे दोघींना व्होल्टेज एकच, वेगवेगळं सेटिंग करताच येत नाही. टँडममध्ये दोन टिपा एकमेकींपासून इन्सुलेटेड, दोन पॉवर सोर्स, दोन फीडर, फक्त नॉझल आणि वितळलेला पूल एकच. पुढची वायर जास्त करंटवर आत शिरते, मागची कमी करंटवर भरत येते. एका वायरने स्पीड वाढवत नेला की कडेला अंडरकट (प्लेटमध्ये खाच) पडतो, बीडला (वेल्डच्या पट्टीला) कुबडं येतात, ते हा मागच्या वायरचा आर्क (विजेची ज्योत) सावरतो, माझ्या मते खरी कमाई तिथेच आहे.

पण दोन आर्क इतके जवळ असले की चुंबकाने एकमेकांना ओढतात, म्हणून करंटचे पल्स (झटके) आळीपाळीने देतात, एकीचा पीक (जास्त करंट) चालू असताना दुसरी बेस (कमी) करंटवर. आमच्याकडे सिंकची (दोन्ही सोर्सचे पल्स जुळवणारी) केबल ढिली झालेली आणि आम्ही आठवडाभर गॅस, टिप, वायर सगळं बदलत बसलो, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) काही थांबेना. आणि हो, शुद्ध सीओटूवर हे जमणार नाही, मिक्स्चरमध्ये आर्गॉन 80 टक्क्यांच्या वर लागतो, तो खर्च आत्ताच धरा. टॉर्च जड, पाण्याने थंड होणारी, हातात धरायची नाहीच, कॅरेज (टॉर्च सीमवरून चालवणारी गाडी) किंवा रोबोटच पाहिजे.

वजन_मीटर_मिनिट:
मशिन घ्यायच्या आधी एवढा हिशोब कराच. 6 मिमी फिलेट म्हणजे 18 चौरस मिमीचा तिकोनी छेद, मीटरला साधारण 141 ग्रॅम धातू. 1.2 ची वायर मीटरला 8.9 ग्रॅम भरते, मिनिटाला 8.5 मीटर वायर चालली तर 75 ग्रॅम, म्हणजे स्पीड अर्धा मीटरच्या आसपास. टँडमवर 12 अधिक 9 मीटर धरा, 186 ग्रॅम, स्पीड 1.3 मीटर. तुमचे चार सीम मिळून 48 मीटर, 96 मिनिटांचा आर्क 37 वर आला, ऐकायला भारी वाटतं. पण हाताच्या कामात आर्क चालू असतो 30 टक्के धरला तर एका बीमला 320 मिनिटं जातात, त्यातली 224 उचलणं, फिरवणं, टॅक (तात्पुरते टाके), ग्राइंडिंग यातच. ती तशीच राहिली तर एकूण 261, म्हणजे एवढे पैसे घालून बचत 18 टक्के! आधी ती 224 कमी करा, पोझिशनर (बीम फिरवून धरणारं यंत्र) आणि साधं एका वायरचं कॅरेज लावून बघा.

अजून एक, उद्या सकाळी गेज घेऊन तुमचे फिलेट मोजाच. 6 च्या जागी 8 पडत असेल तर 18 चं 32 होतं, धातू 78 टक्के जादा, तेवढाच वेळही. वेल्डरची चूक नाही ती, गॅप उघडा असला की तो भरणारच, दोष फिटअपचा (प्लेट जुळवण्याचा). आणि टँडमला तर गॅप फारसा चालत नाही, त्या स्पीडला हात फिरवून सावरायला माणूसच नसतो.

जुना_सुपरवायझर:
सरळ 12 मीटर सीमला सबमर्ज्ड आर्क (फ्लक्स म्हणजे दाणेदार पावडरीखाली चालणारं वेल्डिंग) का नको? बीमवाले वर्षानुवर्षं तेच वापरतात, धूर नाही, स्पॅटर नाही. फक्त फ्लक्स सांभाळावा लागतो आणि सीम आडवा सपाट ठेवावा लागतो. पातळ प्लेटला किंवा रोबोटवर वळणाचा सीम असेल तिथे टँडम भारी, तिथे सबमर्ज्ड चालणार नाही.

चाकण_फॅब:
आत्ताच शॉपवर जाऊन दहा ठिकाणी गेज लावला, सात ठिकाणी 8 च्या वर! फ्लँज (बीमची वरची-खालची प्लेट) कटिंगलाच वाकडा येतोय, आता कटिंग टेबलपासून सुरुवात करतो. उद्या एका शिफ्टला घड्याळ लावून आर्क टाइम पण मोजतो, आकडे आले की इथेच टाकतो. सबमर्ज्डचा डेमो पुण्यात कुणाच्या शॉपवर बघता येईल का?