मॅकेचं नाव राहूनच गेलं

अ‍ॅनिमेशनवरच्या या चर्चेत आधी दोघांनी लिहिलंय की त्याची सुरुवात डिस्नेपासून झाली, म्हणून हे जोडतो. १९२८ साली डिस्नेचा मिकी माउस आला, पण त्याच्या चौदा वर्षं आधी विन्सर मॅकेची 'गर्टी' ही अ‍ॅनिमेशनपटातली डायनोसॉर मादी अमेरिकेत रंगमंच गाजवत होती.

मॅके मुळात वर्तमानपत्रातला चित्रकार. चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा, गर्टीला हुकूम सोडायचा. ती कधी ऐकायची, कधी हट्टी पोरीसारखी दुर्लक्ष करायची, आणि हा ओरडला की चक्क रडायची! मग हा सफरचंद टाकायचा. हातातलं शिताफीनं लपवायचं आणि त्याच क्षणी चित्रातलं तिच्या तोंडात. शेवटी हा पडद्यामागे जायचा आणि चित्रातला मॅके तिच्या पाठीवर बसून निघून जायचा.

तेव्हा तो सेल, म्हणजे मागचं दृश्य पुन्हा न काढता त्यावर ठेवता येणारे पारदर्शक पत्रे, वापरत नव्हता. पातळ राइस पेपरवर हजारो चित्रं, मागचे डोंगर-दगडही दर कागदावर नव्याने गिरवायचे. हे गाढवकाम जॉन फिट्झसिमन्स या शेजारच्या पोराच्या गळ्यात! गर्टीचा श्वास जमावा म्हणून मॅकेनं स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला होता.

१९१८ मध्ये सेल वापरून त्यानं लुसिटानिया जहाज बुडाल्याचा लघुपट केला, सुमारे २५,००० चित्रांचा. पण त्याच्या वर्तमानपत्राचा मालक हर्स्ट, त्याला त्याचे हे बाहेरचे उद्योग खुपायचे. अग्रलेखाशेजारची व्यंगचित्रं काढण्यातच त्याची पुढची बरीच वर्षं गेली, याची मला अजून हळहळ वाटते.