गॅदरिंगला, खेळाला नाव का दिलं नाही? अनुभव लिहा

शाळेत खो-खो, वक्तृत्व, सहल, गॅदरिंग सगळं असतं, तरी काही मुलं कायम बघ्यांतच बसलेली. 'त्यांना आवड नाही' हे मला अजिबात पटत नाही. तुमचं नेमकं काय अडलं होतं?

*

शाळा तालुक्याला, गाव आत. पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेतला, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हताच, प्रश्न गाडीचा. शाळा सुटली की लगेच एसटी, ती चुकली तर थेट अंधार पडल्यावर मुक्कामी गाडी, आणि खो-खोची प्रॅक्टिस शाळा सुटल्यावरच! मी दप्तर कंपाउंडला टेकवून एक डाव खेळायचे आणि स्टँडकडे पळत सुटायचे. सर म्हणायचे, पळते चांगली पण नियमित नाही. टीममध्ये नाव कधी लागलंच नाही. अजून राग येतो.

*

आम्ही बीडकडचे. आईबाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायचे ते पार मार्च-एप्रिलला परत, आणि शाळेतलं सगळं डिसेंबर-जानेवारीत. मी आजीपाशी राहिलो, बहिणीला मात्र नेलं, कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला. परिपाठाला प्रार्थना तीच सांगायची, काय आवाज होता. गॅदरिंगला एकदाही गायली नाही.

*

आमच्याकडे ड्रेसचं भाडं. घरी विचारायचेच नाही, बाईंना सांगायचे पाय दुखतो.

*

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. एसटीवाल्या ताई, तुमच्यासारख्या मुली आमच्याकडेही आहेत म्हणून आम्ही प्रॅक्टिस शनिवारी सकाळच्या शाळेतच घेतो, शेवटच्या दोन तासिका. लेझीम शाळेच्या, कपडे म्हणजे गणवेश, भाड्याचं काही आणायचंच नाही. एका मुलाला कमी ऐकू येतं, त्याला हलगीवाल्याच्या समोर उभं करते, तो त्याच्या हाताकडे बघून ठेका धरतो, एकदम बरोबर. पालक विचारतात लायटिंग का नाही, विचारू देत.

बीडच्या दादा, तुमच्या बहिणीसारख्या मुलांचं मात्र एकट्या शाळेकडून होत नाही हो. हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप तोडीला गेले की मुलांची गावातच राहायची सोय, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी सुरू झालं तरच मुलं गावात राहतात. उशीर झाला की टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक येतो आणि लेकरं आईबापाबरोबर जातात. म्हणून वसतिगृहासाठी मुलांची यादी दिवाळीनंतर नाही, दसऱ्यालाच करा, कुणाचे आईबाप जाणार ते तेव्हाच कळतं.