ओओ प्रमाणातील क्लास 57: तयार मॉडेल घ्यावे की क्लास 47 चे रूपांतर करावे?

टर्मिनलवाला

नमस्कार. मी ब्रिटनमध्ये राहतो आणि घरातील एका भिंतीलगत ओओ प्रमाणात, म्हणजे फुटाला 4 मिलिमीटर या मापाने, कंटेनर टर्मिनलचा लेआउट, म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेचा देखावा, उभारत आहे. काळ 1998 ते 2004 असा ठरवला असून मालगाड्या मुख्यतः फ्रेटलायनर या ब्रिटिश मालवाहतूक कंपनीच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे जोडायला क्लास 57 या डिझेल लोकोचे एक मॉडेल हवे आहे. माझ्याकडे बॅकमन या मॉडेल कंपनीचा क्लास 47 आधीपासून आहे. मूळ 57 हे जुन्या 47 मध्येच नवे डिझेल इंजिन बसवून तयार झाले असल्यामुळे, माझ्या 47 ला नवा रंग आणि नवा क्रमांक दिला तर काम भागेल का, की तयार मॉडेलच घ्यावे? व्हर्जिन या प्रवासी गाड्यांच्या कंपनीच्या रंगातील 57/3 या उपवर्गाचाही मोह होतो. तो या काळात बसतो का? आवाजाच्या डिकोडरबद्दलही, म्हणजे मॉडेलमध्ये बसवून इंजिनाचा आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाबद्दलही, कोणी मार्गदर्शन केले तर आभारी राहीन.

सांधेवाला

आपण काळ आधी ठरवला हे उत्तम केले, कारण क्लास 57 च्या बाबतीत बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिथूनच मिळतात. इंग्लंडमधील लाफबरोच्या ब्रश कारखान्यात 1998 ते 2004 या काळात एकूण 33 लोको अशा रीतीने नव्याने बांधले गेले आणि त्यांचे तीन उपवर्ग एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. आपल्याला हवा असलेला 57/0 हा फ्रेटलायनरचा. 57001 ते 57012 असे बाराच झाले, सगळे हिरव्या-पिवळ्या रंगात, आणि प्रत्येकाचे नाव ‘फ्रेटलायनर’ या शब्दाने सुरू होणारे. पहिला ‘फ्रेटलायनर पायोनियर’, दुसरा ‘फ्रेटलायनर फीनिक्स’. त्यानंतर थेट कारखान्यातून आलेले नवेकोरे क्लास 66 डिझेल लोको मिळू लागले आणि जुन्या सांगाड्यावर खर्च करण्यात फ्रेटलायनरला फारसा अर्थ उरला नाही. म्हणूनच, आपल्या टर्मिनलवर 1998 मध्ये 57 ही नवलाई दिसायला हवी आणि 2004 मध्ये तो 66 च्या गर्दीतला एक जुना गडी.

व्हर्जिनचे 57/3 हे 2002 पासून आले, म्हणजे आपल्या काळाच्या उत्तरार्धातच ते चालतील. एकूण सोळा असलेले हे लोको वेस्ट कोस्ट मार्गावर बंद पडलेल्या गाड्यांना ओढून नेण्यासाठी होते आणि त्यांना ‘थंडरबर्ड्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतील नावे दिली होती. 57301 हा ‘स्कॉट ट्रेसी’, 57307 ही ‘लेडी पेनेलोपी’. व्हर्जिनच्या पेंडोलिनो या विजेवरच्या गाडीला जोडता यावे म्हणून त्यांना डेल्नर प्रकारची जोडणी बसवली, त्यामुळे बफरबीमचा, म्हणजे लोकोच्या टोकाच्या आडव्या पट्टीचा, चेहराच बदलला. 57/0 चे मॉडेल रंगवून 57/3 करण्याचा विचार मात्र करू नये. समोरून पाहिल्याबरोबर चूक उघडी पडते.

तयार मॉडेलांत ओओमध्ये हेलयान आणि बॅकमन या दोन्ही कंपन्यांचे 57 जुन्या बाजारात मिळतात. हेलयानचे मॉडेल वजनदार आहे आणि लांब रेक सहज ओढते, परंतु त्यांच्या 47 च्या सांगाड्याची रुंदी प्रमाणापेक्षा जास्त असल्याची टीका पहिल्यापासून होत आली आहे आणि तोच सांगाडा 57 लाही लाभला. एकटे उभे असताना हे जाणवत नाही. आपल्या बॅकमनच्या 47 शेजारी उभे केले की लगेच जाणवेल. आपल्याकडे 47 बॅकमनचा आहे, तेव्हा 57 सुद्धा बॅकमनचाच घ्यावा, असे मला वाटते.

बफरबीम

वरील माहितीशी सहमत आहे, पण रूपांतराचा विचार इतक्या लवकर सोडू नये असे सुचवतो. ज्या वर्गाचा जन्मच रूपांतरातून झाला, त्याचे मॉडेल रूपांतर करूनच बनवण्यात एक वेगळे समाधान आहे. सांगाडा तोच, चाकांच्या चौकटी (बोगी) त्याच, लांबीही तीच: 63 फूट 6 इंच, म्हणजे ओओमध्ये 254 मिलिमीटर. काम उरते ते मुख्यतः छतावर, कारण धूर बाहेर पडण्याची रचना नव्या इंजिनाप्रमाणे बदलली आहे, आणि प्रदर्शनात प्रेक्षकाची नजर सर्वांत आधी छतावरच पडते.

मात्र हाताशी असलेला 47 कोणत्या उपवर्गाचा आहे ते आधी तपासावे. 57001 हा 47356 पासून बनला आणि 47/3 या उपवर्गात प्रवासी गाडी गरम करण्याची कोणतीही सोय मुळातच नव्हती. गाडीला वीज पुरवणारा 47/4 घेऊन त्याचा 57/0 करायचा झाल्यास बारीकसारीक तपशील काढून टाकण्यात आणि भरण्यातच बराच वेळ जाईल. जुना, खरवडलेला 47/3 स्वस्तात मिळाला, तर आणि तरच हा उद्योग करावा.

कोकणकडा

आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून दोन्ही लोको सारखेच दिसत असताना 57 चे वेगळेपण खरे म्हणजे कानालाच कळते. क्लास 47 मध्ये सुल्झरचे बारा सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन होते, ज्यात सिलिंडरांच्या दोन रांगा आणि दोन क्रँकशाफ्ट शेजारी शेजारी असत; त्याची गुरगुर संथ आणि जड आहे. क्लास 57 मध्ये अमेरिकेच्या ईएमडी या लोको कंपनीचे 645 मालिकेतील बारा सिलिंडरचे टर्बोचार्ज केलेले इंजिन आहे, 57/0 मध्ये 2,500 अश्वशक्तीचे आणि 57/3 मध्ये 2,750 अश्वशक्तीचे. हे दोन-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दर फेरीला पेटतो, चार-स्ट्रोकप्रमाणे एक फेरी सोडून नव्हे, आणि म्हणून त्याचा ठेका दाट ऐकू येतो, त्यावर टर्बोची शीळ.

विद्युतीकरणापूर्वी कोकण रेल्वेवर डब्ल्यूडीपी-4 किंवा डब्ल्यूडीजी-4 या डिझेल लोकोंमागे ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही, कारण त्या लोकोंमध्ये याच घराण्यातील 710 मालिकेचे सोळा सिलिंडरचे इंजिन आहे. 645 आणि 710 हे आकडे प्रत्येक सिलिंडरचे घनइंचांतील आकारमान दाखवतात. ब्रिटनमधील क्लास 66 मध्येही 710 च आहे, बारा सिलिंडरचे. इथेच सावध राहावे: 66 साठी तयार केलेला आवाज 57 मध्ये भरून विकलेले डिकोडर जुन्या बाजारात आढळतात. ज्याच्या वर्णनात 57 चे किंवा 645 चे मूळ ध्वनिमुद्रण असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, तेच घ्यावे. विशेषतः थांब्यावरून निघतानाचा आवाज ऐकून पाहावा. 47 चा सुल्झर लावलेला 57 मी प्रदर्शनात ऐकला आहे आणि तो फार विचित्र वाटतो.

मॉडेलमध्ये कोणत्या प्रकारचे डिकोडर सॉकेट आहे आणि स्पीकरसाठी किती जागा आहे, हे विक्रेत्याला खरेदीपूर्वी विचारणे उत्तम.

टर्मिनलवाला

सर्वांचे मनापासून आभार. माझा 47 तपासला. तो व्हर्जिनच्या लाल रंगातील 47/4 निघाला, म्हणजे 57/0 च्या रूपांतराला योग्य नाही. त्यामुळे बॅकमनचा तयार 57/0 शोधतो. पण मग या 47 चे लेआउटवर करावे काय? टर्मिनलमध्ये तो उगीचच उभा आहे असे दिसेल का?

सांधेवाला

टर्मिनलमध्ये दिसेल, मुख्य मार्गावर नाही. व्हर्जिनच्या क्रॉसकंट्री नावाच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2002 पर्यंत याच लाल 47 च्या मागे धावत होत्या, मग त्यांची जागा व्हॉयेजर या नव्या डिझेल गाड्यांनी घेतली. आपल्या लेआउटच्या मागच्या बाजूने एक जरी मुख्य मार्ग जात असेल, तरी मार्क 2 या जुन्या प्रकारच्या सहा-सात प्रवासी डब्यांची गाडी त्याला जोडून पुढे काढता येईल, आणि टर्मिनलच्या बाजूच्या रुळावर नवा 57/0 कंटेनरच्या रेकला लागलेला असेल. 57/3 घ्यायचाच झाला, तर तो त्या लाल 47 सोबत एकाच वेळी फार काळ ठेवू नये. दोघांच्या सेवेचा काळ 2002 मध्येच जेमतेम शिवतो. पेंडोलिनो ओढण्याचे दृश्य हवे असेल, तर नऊ डब्यांची गाडी ओओमध्ये जवळजवळ तीन मीटर लांब होते, तेव्हा भिंतीची लांबी आधी मोजून घ्यावी.