काळविटाचा धोका संपला म्हणे!

माळकरी: काल इथं एकानं टाकलं की आययूसीएन या जागतिक निसर्ग संघटनेच्या रेड लिस्टमधी, म्हणजे कोणत्या जीवाला किती धोका त्या यादीत, काळवीट 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे सगळ्यात कमी काळजीचं आहे, धोका संपला, आता रानात शिरलं की मारायची परवानगी द्या. वाचून डोकंच फिरलं. अहो ती यादी म्हणजे कायदा नाही, कायदा आपला 1972 चा वन्यजीव संरक्षणाचा अन् त्यात काळवीट शेड्यूल एकमधी, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. अन् यादीत नुसती मुंडकी मोजत नाहीत, 10 वर्षांत नाहीतर 3 पिढ्यांत किती घटली तेबी बघतात. गिधाडं हजारोंनी शिल्लक होती तरी 2000 मधी थेट 'क्रिटिकली एंडेंजर्ड'मधी, म्हणजे नामशेष व्हायच्या काठावर गेली, कारण ढोरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक औषधानं पडझडच तशी झाली. लांडग्याचं उलटं, रशिया-कॅनडाच्या जीवावर जगात 'लीस्ट कन्सर्न', आपल्या माळावर कुठं दिसतो का?

तुरवाला: झालं का भाषण? आता इकडचं ऐका. सोयाबीन दोन पानांवर आलं की हरणांचा कळप येतो, शेंडे खुडून जातो, सकाळी तासात नुसत्या काड्या. दुबार पेरणीचं बियाणं रेड लिस्टवाले देणार का?

माळकरी: नुकसान भरपाई मिळते की, अर्ज करा.

तुरवाला: केला ना! पंचनाम्याला साहेब आले चार दिवसांनी, म्हणले खुराचे ठसे दाखवा. मधल्या रात्री पाऊस पडून गेलेला, ठसे काय मी काढून ठेवायचे व्हते का? वर म्हणतेत गावच्या जनावरांनी खाल्लं नसंल कशावरून. तुम्ही कधी जागल केली का वो रात्रीची, डबडं वाजवत?

बांधावरचा: हरणं राहूद्या, चंदन त्याच यादीत 'व्हल्नरेबल' म्हणजे धोक्यात आहे, माझ्या बांधावरचं रातोरात कापून नेलं, बुंधा तेवढा ठेवला. त्याचं कोण बघतंय?

माळकरी: चंदनाचा इथं काय संबंध, तुरवाले तुम्ही मुद्द्यावर या. भरपाईचा राग यादीवर कशाला काढता? माळढोकबी 2011 पस्तोर 'एंडेंजर्ड'च होता, मग 'क्रिटिकली'त गेला. धोक्याचा वर्ग वाढला म्हणून पक्षी वाढला का?

तुरवाला: बरं बाबा, यादी जगाची, कायदा देशाचा, मान्य. तुम्ही लई हुशार. पण रान माझं एकट्याचं ना? यंदा पेरणीला या, जागलीला तुमचं नाव लावतो.

माळकरी: येतो, पण डबडं वाजवणार, बंदूक नाही.

तुरवाला: बंदूक कुणाकडं आहे इथं, बॅटरीला सेल नाहीत.

बांधावरचा: अन् चंदन?