मदत हवी आहे: एकच स्प्रिंग, पण वजनागणिक के वेगळा

बारावी_ब: परवा जर्नलवर सही घ्यायचीय. दोलनांवरून के (स्प्रिंगचा बल स्थिरांक, म्हणजे ती किती ताठ आहे) काढला तर 100 ग्रॅमला 8.3 न्यूटन/मीटर येतो, 200 ला 9.0. नुसतं वजन टांगून लांबी मोजली तर 10! लवकर सांगा प्लीज.

सह्यकडा: रीडिंग टाका आधी. किती दोलनांना किती सेकंद? हँगरचं वजन धरलंय का?

बारावी_ब: हँगर धरूनच. 20 दोलनं: 100 ला 13.8 सेकंद, 200 ला 18.7. 50 ग्रॅमला स्प्रिंग 4.9 सेंमी लांबते.

निवृत्त_मास्तर: कोन 10 अंशांच्या आत ठेवा. मोठ्या झोक्याला आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ) बदलतो.

सह्यकडा: सर, ते साध्या दोलकाला. इथे वजन वर-खाली होतंय.

गॅरेजवाला: स्प्रिंग बसलीय. शॉकअपच्या स्प्रिंगा रोज बघतो, ताणून मऊ पडतात. नवीन आणा.

अणुरेणू: मऊ पडली असती तर जास्त वजनाला के वाढला नसता. स्प्रिंगचं स्वतःचं वजन किती?

बारावी_ब: ते सूत्रातच नाहीये (के = 4π² × टांगलेलं वस्तुमान ÷ आवर्तकालाचा वर्ग). कशाला हवं?

अणुरेणू: कारण स्प्रिंगही हलते. वरचं टोक स्थिर, खालचं वजनाच्या वेगाने, मधला भाग त्या प्रमाणात. सगळ्या तुकड्यांची गतिज ऊर्जा मिळवली की स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश टांगलेल्या वस्तुमानात धरावा लागतो. म्हणून हलक्या वजनाला चूक जास्त दिसते. एकेका रीडिंगवरून के काढू नका, आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध वस्तुमान असा आलेख काढा. तुमच्या आकड्यांवरून चढ 3.98 (वस्तुमान किलोग्रॅममध्ये), म्हणून के = 4π² ÷ चढ = 9.9. रेषा मागे वाढवली की वस्तुमानाच्या अक्षाला उणे 20 ग्रॅमजवळ छेदते. म्हणजे स्प्रिंग 60 ग्रॅमच्या आसपास असणार.

गॅरेजवाला: मग टांगून मोजताना हे वजन कुठे गेलं?

अणुरेणू: स्वतःच्या वजनाने ती आधीच ताणलेली असते. आपण मोजतो ती 50 ग्रॅमने वाढलेली लांबी.

बारावी_ब: लॅबमध्ये तोलली, 61 ग्रॅम!! आलेखाला दोन बिंदू चालतील?

अणुरेणू: नाही. 150 आणि 250 पण घ्या. स्टॉपवॉच वजन मधून जाताना सुरू करा. टोकाला ते रेंगाळतं, नेमका क्षण पकडता येत नाही.

निवृत्त_मास्तर: व्हायवाला (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात, हीच स्प्रिंग चंद्रावर नेली तर आवर्तकाल किती?

सह्यकडा: तेवढाच. गुरुत्वाने फक्त समतोलाची जागा सरकते.

बारावी_ब: उद्या सकाळी 150, 250 घेतो. चौकटीचा कागद लॅबमध्ये मिळतो की बाहेरून आणावा लागतो?