ट्रकच्या चासीला अजून उघडी सी सेक्शनच का?

तिसरंवर्ष_सांगली
मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ऑटोमोबाईल इलेक्टिव्ह घेतलंय. लॅडर (शिडीसारखी), बॅकबोन (मधोमध एकच कणा), स्पेस फ्रेम (नळ्यांचा सांगाडा), मोनोकॉक (बॉडी हीच फ्रेम) यांच्या आकृत्या येतात, फ्रेमची कामंही पाठ आहेत. पण एक गोष्ट पटत नाही. बंद पेटीचा सेक्शन टॉर्शनला (पिळण्याला) उघड्या सी सेक्शनपेक्षा (इंग्रजी C आकाराच्या छेदापेक्षा) खूप चांगला, हे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियलला शिकलो. मग सगळ्यात जास्त वजन वाहणाऱ्या ट्रकच्याच लाँग मेंबर (चासीच्या दोन लांब तुळया) उघड्या का? सरांकडून "स्वस्त पडतं" एवढंच उत्तर मिळालं.

डिझेल_धूर
सर खोटं बोलले नाहीत हो. पत्रा वाकवला की झाली सी. पण एवढंच लिहिलंस तर दोन मार्कच मिळतील. बॉडीवाले काका येतील, थांब.

बॉडीवाला_काका
आलो. आयुष्य ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेलं, त्यामुळे पुस्तकाचं सोडून चासीचं सांगतो.

कंपनीतून चासी येते ती उघडीनागडी. पुढे इंजिन आणि काउल (केबिनचा पुढचा भाग), मागे नुसती शिडी, म्हणजे तुझी लॅडर फ्रेम. चालवणारा डोक्याला मफलर गुंडाळून हायवेवरून आणतो. अशी रिकामी चासी यार्डात वळताना पुढचं एकच चाक मुरमाच्या ढिगावर चढू दे आणि तू मागे उभी राहून बघ. पुढचा भाग एकीकडे कललेला, शेपटी जवळजवळ सपाट. शिडी डोळ्यांना दिसेल एवढी पिळलेली असते. नवीन पोरं घाबरतात.

आता विचार कर. ट्रकचे पाटे (स्प्रिंग) भरल्या गाडीच्या हिशोबाने बनवलेले, रिकाम्या गाडीत ते फारसे दबत नाहीत. वर शिडीही ताठ ठेवली तर त्या ढिगावर एखादं चाक हवेत जाईल. म्हणून पाट्यांनी जे सोसायचं त्यातलं थोडं शिडी सोसते. म्हणजे ती पिळते हा तिचा दोष नाही, तिला तेच काम दिलंय. वाकण्याला मात्र ती पक्की असते, कारण सी उभी ठेवली की माल तोलायला वेबची (सीच्या उभ्या पट्टीची) उंची मिळते.

दुसरं, सीच्या दोन्ही बाजूंनी हात जातो. ब्रॅकेट, एअर टँक, डिझेल टाकी, काहीही लाव, नट आतून धरता येतो. बंद पेटीत पाना घालणार कुठून? आत पाणी साचून गंजलं तरी बाहेरून कळत नाही. भोक मात्र वेबलाच पाडायचं. फ्लँजला (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला) ड्रिल लावणाऱ्या पोराला मी हाकलतो. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच, आणि क्रॅक तिथूनच निघते.

टँकरचं बघ. टाकी म्हणजे बंद नळकांडं, ती पिळायला तयार नाही, खालची शिडी पिळणार. दोघींना सगळीकडे घट्ट आवळलं तर काहीतरी फाटणारच. म्हणून मागे पक्कं धरतात आणि पुढच्या माउंटिंगला स्प्रिंग किंवा रबर देतात. सबफ्रेमचं (शिडी आणि टाकी यांच्यामधल्या फ्रेमचं) पुढचं टोकही तिरकं कापतात, म्हणजे ताठपणा एकदम संपत नाही, हळूहळू उतरतो. चौकोनी टोक ठेवलं की बरोबर त्याच्याच खाली लाँग मेंबर तडकते. अशा गाड्या दुरुस्तीला येतात तेव्हा क्रॅक कुठे असेल ते मी वाकायच्या आधी सांगतो.

जाळी_मेशिंग
काका बरोबर. मी सिम्युलेशन करते, म्हणून आकडा देते. १०० मिमी चौकोनी ट्यूब घे, जाडी ४ मिमी. बंद असताना टॉर्शन कॉन्स्टंट (आकार पिळण्याला किती विरोध करतो तो आकडा) सुमारे ३५ लाख मिमी⁴. तीच लांबीत चिरली की ८,१९२. म्हणजे ४३२ पट फरक! झाकण नसलेला बुटांचा खोका पिळून बघ, मग झाकण चिकटपट्टीने बंद करून पिळ. मोनोकॉकमध्ये फ्लोअर, छत, फायरवॉल मिळून तो बंद खोका होतो. (खऱ्या शिडीत क्रॉस मेंबर, म्हणजे आडव्या तुळया, सीचं वॉर्पिंग, म्हणजे पिळताना तिच्या कडा पुढे-मागे सरकणं, अडवतात, त्यामुळे तिथे फरक इतका टोकाचा नसतो.)

कारचं गणित उलटं. तिथे स्प्रिंग मऊ, चाकाची हालचाल त्यांनीच करायची. बॉडी पिळली तर ती सस्पेन्शनच्या मध्ये आणखी एक स्प्रिंग बनून बसते, जिला डॅम्परही (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नाही. मग पुढचा अँटी-रोल बार (वळताना गाडी कलू न देणारी दांडी) जाड केला तरी पुढच्या-मागच्या चाकांत लोड ट्रान्सफर (वळताना एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूला जाणारा भार) हवा तसा सरकत नाही. टाटा सफारी १९९८ ला आली ती शिडीवर, २०२१ ला त्याच नावाने आली ती मोनोकॉकवर. नाव तेच, गाडीकडून अपेक्षा बदलली.

तिसरंवर्ष_सांगली
आता डोक्यात शिरलं. आमची टीम बाहाची (कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची) गाडी करतेय. स्पेस फ्रेमची टॉर्शनल स्टिफनेस (पिळण्याविरुद्धचा ताठपणा) कशी काढू? सॉफ्टवेअरमध्ये नुसते रंग दिसतात.

जाळी_मेशिंग
रंग विसर. मागचे सस्पेन्शन पॉइंट धर, पुढच्या डाव्या पॉइंटला १००० न्यूटन वर, उजव्याला तेवढेच खाली. दोन्हींत अंतर १.२ मीटर असेल तर टॉर्क १२०० न्यूटन-मीटर. दोन्ही बाजू ५-५ मिमी सरकल्या तर कोन १० भागिले १२०० रेडियन, म्हणजे सुमारे ०.४८ अंश. स्टिफनेस आली अंशाला अंदाजे २,५०० न्यूटन-मीटर. मग एकेक नळी काढून परत चालव. जी काढल्यावर आकडा हलत नाही, ती टॉर्शनसाठी नाही. पण रोल केजची (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याची) नळी असेल तर हात लावू नकोस, ती स्पर्धेच्या नियमातली.

बॉडीवाला_काका
आणि सस्पेन्शनचा पॉइंट नळीच्या मधोमध वेल्ड करू नका रे. पोरं हमखास करतात. नोडला आणा, जिथे तीन-चार नळ्या भेटतात. नाहीतर नळी वाकेल आणि तुम्ही वेल्डरला शिव्या द्याल.

सांगलीत ट्रक बॉडीचं यार्ड शोध, टँकरच्या पुढच्या आणि मागच्या माउंटिंगचे फोटो काढ. मालकाला विचारून, आणि चाकाला दगड लावल्याशिवाय खाली शिरू नकोस.