शब्दचर्चा : ‘स्प्युरियस’ स्वमूल्याला काय म्हणावं?

विचारणा (मालवण) : बंद पोकळीतल्या ध्वनीवर मराठीत टिपण लिहितोय. आयगेनव्हॅल्यूला (इथे, पोकळी ज्या वारंवारतांना आपसूक घुमते ते आकडे) ‘स्वमूल्य’ केलं. ती संगणकावर काढायच्या सीमाघटक पद्धतीत (बाउंडरी एलिमेंट मेथड) ‘स्प्युरियस’, म्हणजे त्या पोकळीच्या नसलेल्या, आयगेनव्हॅल्यूही येतात, त्यांना खोटी म्हणू, आभासी की छद्म?

उत्तर (रत्नागिरी) : स्वमूल्य छान. जर्मन ‘आयगेन’ म्हणजे ‘स्वतःचं’च. आभासी मात्र नको, तो शब्द प्रतिमेपासून शाळेच्या वर्गापर्यंत सगळीकडे गुंतलाय. ‘खोटं’ म्हटलं की गणित चुकलं असं वाटतं, आणि इथे ते चुकलेलं नसतं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीमाघटक पद्धतीत आतल्या हवेत जाळं विणत नाहीत, घटक फक्त भिंतीवर मांडतात. पण भिंत बांधासारखी, दोन्ही शेतांची. मधे गोल खांब असलेली वर्तुळाकार पोकळी घ्या (सपाट, द्विमितीय). ध्वनी खांबाभोवतीच्या कड्यात, खांबात काहीच नाही. तरी नेहमीचं सीमासमीकरण खांबाच्या जागेचीही स्वमूल्यं उत्तरात आणून बसवतं. खांबाची त्रिज्या ०.५ मीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर पहिलं येतं सुमारे २६३ हर्ट्‌झला. स्वमूल्यं शोधायच्या आलेखात तिथे खऱ्यासारखाच खळगा दिसतो. बाहेरची भिंत मागेपुढे करून बघा : खरी स्वमूल्यं सरकतात, हे जागचं हलत नाही. तिथे ते पकडलं जातं.

म्हणून माझा शब्द ‘तोतया’. सदाशिवरावभाऊंचा तोतया आमच्याच रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटला आणि १७७६ मध्ये बरीच कोकणपट्टी त्याच्यामागे गेली. माणूस खरा, ओळख दुसऱ्याची. इथेही मूल्य खरंच, पण खांबाचं.

उत्तर (देवगड) : ताई, तोतया पटला. मग तोतये ओळखायच्या शेंक यांच्या १९६८च्या उपायातल्या जादा बिंदूंना ‘साक्षीबिंदू’ म्हणू या का? खांबाच्या आत बिंदू घेऊन तिथे दाब शून्य हवा अशी अट घालतात, खरं स्वमूल्य ती पाळतं, तोतया पाळत नाही. बिंदू नेमका निस्पंद रेषेवर (जिथे तोतयाचाही दाब शून्यच असतो) पडला तर मात्र साक्ष फुकट. मला बर्टन आणि मिलर यांची १९७१ची, सीमासमीकरणाला त्याच्याच विकलजाची (डेरिव्हेटिव्हची) जोड देण्याची रीत जास्त भरवशाची वाटते.

विचारणा (मालवण) : साक्षीबिंदू घेतला! अनेकवचन ‘तोतयी स्वमूल्यं’ करायचं का?

उत्तर (रत्नागिरी) : नको. ‘तोतया पोलिसांना अटक’ असंच छापतात ना? तसंच ‘तोतया स्वमूल्यं’, ‘तोतया स्वमूल्यांची’.